हँडलचे सहा फेरे

आजकालची माणसं ट्रेलर सोडत नाहीत, टाकून देतात. ओगलालाच्या ट्रकच्या यार्डावरून जाताना मी कुंपणापाशी गाडी हळू करते आणि तिथेच माझं डोकं फिरतं. एकाचा डावा लोखंडी पाय चिखलात रुतलेला, दुसऱ्याचं हँडल मोकळं लोंबकळतंय, तिसरा तर नाक जमिनीला लावायच्या बेतात. शेजारी बसलेली माझी बहीण अल्मा म्हणते, "अगं बाई, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तुला. चल पुढे." चलते की. पण पुढचे वीस मैल तिला माझं ऐकून घ्यावं लागतं, आणि फिरून फिरून गाडी एल्डन स्कोगवर येतेच.

एल्डनसारखा ट्रेलर सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाहिला म्हणजे काय, अकरा वर्षं मी एल्डनलाही पाहिलं नव्हतं.

आमचं काम असं होतं. मी ग्रँड आयलंडहून पश्चिमेचा माल घेऊन निघायचे आणि चारच्या सुमाराला ओगलालाच्या यार्डात पोचायचे. तिथे माझा ट्रेलर सोडायचा, आणि एल्डनने दुपारी आणून ठेवलेला ट्रेलर जोडून परत फिरायचं. एल्डन वायोमिंगमधल्या रॉलिन्सचा. तो बाराला यायचा, आपला ट्रेलर सोडायचा, मी आदल्या दिवशी ठेवलेला घ्यायचा आणि निघायचा. मी पोचेपर्यंत तो डोंगराच्या वाटेला लागलेला असायचा. सुट्ट्यासुद्धा आमच्या एकाच दिवशी, त्यामुळे गाठ पडायचा प्रश्नच नव्हता.

पण माणूस ओळखायला तोंड बघावं लागतं असं कुठे आहे? ट्रेलर सोडायची रीत यार्डातला कुणीही सांगेल. कडक सपाट जागा बघ, ब्रेक लाव, पायांखाली फळ्या सरकव, हँडल फिरवून पाय टेकव, हवेचे पाइप काढून नीट अडकव, जबडा उघड आणि हळूच पुढे सरक. हे झालं सगळ्यांचं. खरी गोम पाय किती टेकवायचे यात असते. आमच्या ट्रकच्या पाठीवर एक लोखंडी ताट असतं, त्याच्या मधोमध जबडा. ट्रेलरच्या पोटाला खाली एक जाडजूड पिन असते. ट्रक मागे घेत ताट ट्रेलरखाली घालायचं, म्हणजे पिन जबड्यात जाते आणि जबडा मिटतो. ट्रेलर ताटापेक्षा केसभर खाली हवा, म्हणजे ताट त्याला उचलत आत जातं. फार खाली असला तर वीस टनांचं ते धूड आधी हँडल मारून वर घ्यावं लागतं, त्यात माणसाचा जीव निघतो. फार वर असला तर त्याहून वाईट. पिन जबड्याच्या डोक्यावरून निघून जाते, आणि आत बसलेल्याला वाटतं, झालं की जोडून.

एल्डनचा ट्रेलर कायम बरोब्बर असायचा. पायांखाली ओकच्या दोन फळ्या, दोन्ही एका रेषेत. हँडल घडी घालून आकड्यात. चाकाला अडण लावलेली. मी मागे घ्यायचे, ताट तेवढंच वर दाबायचं आणि खट् आवाज यायचा. अकरा वर्षं तो खट् ऐकून मी घरी गेले.

ट्रेलरच्या नाकाशी कागद ठेवायची एक नळी असते. तिच्यात मालाच्या कागदांबरोबर त्याची चिठ्ठी असायची. दोन ओळींच्या वर कधी नाही. "मागच्या उजव्या टायरची हवा बघ." "पश्चिमेकडून बर्फ येतोय, घाई करू नकोस." बायको गेली तेव्हाही तेवढंच: "सोमवारी मी नसेन. मार्था वारली." मी माझ्या ट्रेलरच्या नळीत दोन पानं लिहून ठेवली होती. त्याचं उत्तर आलं, "वाचलं. बरं वाटलं." एवढ्यावर मी आठवडाभर डोळे पुसत गाडी चालवली, आता बोला!

शहाऐंशीच्या डिसेंबरात मी बर्फावरून घसरले आणि माझा उजवा खांदा गेला. डॉक्टरने हलकं काम सांगितलं. हलकं काम म्हणजे पुन्हा यार्ड. आणि यार्डात मी सात वर्षं काढली होती. दिवसभर छोट्या ट्रकने ट्रेलर इकडून तिकडे ढकलायचे आणि रस्त्यावर जाणाऱ्यांच्या पाठी बघायच्या. त्या कंपनीत रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या आम्ही दोघीच बायका होतो. माझी जागा मी सात वर्षं मागून, भांडून, साहेबांच्या दारात उभी राहून मिळवली होती. खांद्यासाठी ती सोडणार? वेड लागलंय का मला! गोळ्या गिळल्या आणि बसले गाडीत. फक्त एल्डनला लिहिलं की खांदा कामातून गेलाय, ट्रेलर उचलायची वेळ आली तर मी तिथेच बसून रडेन.

त्याने लिहिलं, "तुला उचलावा लागणार नाही."

आणि नाही लागला. फेब्रुवारी संपताना ओगलालाचं यार्ड वितळायला लागतं. वरचा मुरूम तसाच, खाली नुसता चिखल. भरलेला ट्रेलर चार तास उभा राहिला की पाय फळ्यांसकट खाली जातात. बाकीचे ड्रायव्हर शिव्या घालत हँडल मारायचे. माझा ट्रेलर मात्र चार वाजता मला हवा तेवढ्याच उंचीवर उभा. एल्डन चिखलाचा अंदाज घेऊन वरचे फेरे देऊन ठेवायचा, आज चार, उद्या पाच. मी येईपर्यंत ट्रेलर तेवढा खाली बसायचा.

बर्ल नावाचा एक यार्डवाला होता, तोंडाने फाटका. तो म्हणायचा, "व्हर्न, तुझा नवरा कॉफी तरी करून देतो का गं? हा एल्डन बघ, न भेटता पाय चेपून देतोय!"

"तुला कुणी चेपत नाही म्हणून जळतोस," मी म्हणायचे.

आता माझी चूक सांगते. ती एका दिवसात झाली नाही, वर्षानुवर्षं मुरत गेली. ट्रेलर जोडला की खाली उतरायचं, विजेरी घेऊन ट्रेलरखाली वाकायचं, आणि जबडा पिनेभोवती मिटलाय का ते डोळ्यांनी बघायचं. ताट आणि ट्रेलर यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. मगच पाय वर घ्यायचे. हे मी दुसऱ्या कुणाचाही ट्रेलर घेताना करायचे. एल्डनचा ट्रेलर घेताना सोडून दिलं होतं. आधी कंटाळा म्हणून, नंतर मला तो त्याचा अपमान वाटायला लागला. पाद्रीबाबा प्रसाद देत असताना त्यांना हात धुतलेत का म्हणून विचारायचं, तसं ते वाटायचं मला. खट् ऐकायचं, पुढे एक झटका देऊन बघायचं आणि निघायचं.

सत्त्याऐंशीच्या मार्चमधला मंगळवार. सकाळी मी निघाले तेव्हा स्वेटरसुद्धा नको वाटत होता. दुपारी एकच्या सुमाराला वारा उत्तरेकडून फिरला आणि बघता बघता असा गारठला की स्टिअरिंग धरवेना. यार्डात उतरले तर सकाळचा चिखल दगड होऊन बसलेला, पावलांचे ठसे तसेच गोठलेले. मी पाहिलं ते. डोक्यात मात्र काही शिरलं नाही, कारण मला घरी जायचं होतं.

एल्डनचा ट्रेलर जागेवर उभा होता, आत वीस टन बटाटे. मी मागे घेतलं. आवाज झाला, पण खट् नव्हता, घासल्यासारखा होता. म्हटलं थंडीने असेल. पुढे झटका दिला, ट्रेलरने धरून ठेवलं. आता कळतं त्याने का धरलं. पिन जबड्यावरून जाऊन ताटाच्या पुढच्या कडेपलीकडे पडली होती, आणि पुढे ओढल्यावर कडेलाच अडत होती. उतरून पाय वर घ्यायला हँडल धरलं तर पहिले फेरे जड गेले. नीट जोडलेल्या ट्रेलरचं हँडल हलकं जातं, कारण वजन ट्रककडे गेलेलं असतं. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, हा मेला खांदा.

फाटकापाशी उजवीकडे वळताना खड्डा आहे. तिथे मागून असा आवाज झाला की मला वाटलं कुणीतरी येऊन धडकलं. आरशात बघते तर माझा ट्रेलर माझ्या मागे नव्हताच. तो नाकावर पडला होता, पाय गुडघ्यात मोडल्यासारखे वाकलेले, हवेचे पाइप तुटून साप सुटल्यासारखे फुसफुसताहेत. फाटकातून बर्ल धावत आला. दोन मिनिटं आधी तो त्याच जागी उभा राहून सिगारेट ओढत होता.

"व्हर्न! अगं लागलं का तुला?"

मला लागलं नव्हतं. मी त्याच्याकडे, तो उभा होता त्या जागेकडे बघत होते. मी ट्रकच्या पायरीवरच बसले.

तिसऱ्या दिवशी ओमाहाहून मिल्टन क्रूसे आले. कंपनीत अपघातांची चौकशी ते करायचे. सरळ माणूस, उगाच कुणाला छळणारा नव्हे. ताटाच्या पुढच्या कडेला पिनेने पाडलेला ओरखडा त्यांनी बोट फिरवून पाहिला आणि मला ऑफिसात बसवलं.

"व्हर्ना, तीन वर्षांत हा दुसरा. आधी तू आरसा घासला होतास, तेव्हा मी सोडून दिलं. आता रस्त्यावरची जागा जाईल. नियम मी केलेला नाही."

"माहितीये साहेब."

"पण एक आहे. ट्रेलर वर असल्याशिवाय पिन अशी वरून जात नाही. कुणीतरी तो चार बोटं वर ठेवला. तू लिहून दे की ट्रेलर वर होता, मग मोठी चूक सोडणाऱ्याची धरतील. तुला ताकीद देऊन प्रकरण मिटवता येईल."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेनही वर ठेवलं. सोडणारा कोण ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. एल्डनला निवृत्तीला सहा आठवडे राहिले होते. एकतीस वर्षं, एक ओरखडा नाही. अशा माणसाचं नाव ओमाहाच्या मोठ्या ऑफिसात पितळी फळ्यावर कोरायचे. चार नावं होती तिथे, पाचवं त्याचं लागणार होतं. शिवाय तो ट्रेलर वर का होता, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. त्याने माझ्या खांद्यासाठी वरचे फेरे दिले, वारा फिरला, जमीन गोठली आणि ट्रेलर खाली बसलाच नाही. बारा वाजता निघालेल्या माणसाला एकचा वारा कसा कळणार?

खोटं कशाला बोलू, मी पेन उचललं होतं. डोळ्यांपुढे ती सात वर्षं आली, दारात उभी राहिलेली. मग बर्लची सिगारेटसुद्धा आली.

"मी बघितलं नाही," मी म्हटलं. "वर होता की खाली, मी वाकले असते तर मला दिसलं असतं. एवढंच लिहा."

"व्हर्ना, नीट विचार कर."

"केला साहेब. लवकर लिहा, नाहीतर माझा विचार बदलेल."

त्या सोमवारपासून मी यार्डात. घरापासून लांब नको म्हणून त्यांनी ग्रँड आयलंड देऊ केलं होतं, पण तिथले सगळे मला ओळखायचे. मी ओगलाला मागून घेतलं आणि बर्लच्या मावशीकडे खोली घेतली. बर्ल चार दिवस माझी एकदाही थट्टा न करता राहिला, तेव्हा मला माझी अवस्था खरी कळली.

आणि त्या पहिल्याच सोमवारी, बाराच्या ठोक्याला, एल्डनचा ट्रक आत आला.

मला वाटायचं एल्डन म्हणजे उंच, रुंद, आडव्या हाडाचा असेल. उतरला तो माझ्या खांद्याएवढा म्हातारा, कानावर टोपी ओढलेली, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. त्याने मला ओळखायचं कारण नव्हतं. मी लांबून बघत राहिले. त्याने ट्रेलर सोडला आणि त्याच्यासाठी ठेवलेला जोडला. तो ट्रेलर मीच सकाळी लावला होता, फूटपट्टी घेऊन लावावा तसा. मग भर दुपारी तो विजेरी घेऊन खाली उतरला, गुडघे टेकले आणि सरळ ट्रेलरखाली शिरला.

मला काय झालं कोण जाणे. एवढं सगळं सोसून वर हा माणूस माझा ट्रेलर तपासतोय! मी तरातरा गेले.

"बरोबर आहे तो! मी लावलाय. व्हर्ना कुबिकने."

तो मागे सरकत सरकत बाहेर आला, टोपी काढली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"व्हर्ना तू? मला वाटायचं तू बुटकी असशील."

"अकरा वर्षं माझे ट्रेलर घेताय. माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?"

"आहे ना."

"मग बघता कशाला?"

"मी रोज बघतो, पोरी. अकरा वर्षं रोज बघत आलोय. त्याचा भरवशाशी काय संबंध?" त्याने विजेरी खिशात घातली. "तू बघत नव्हतीस का?"

माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते असो, त्याचा चेहरा बदलला. लोकांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की त्या बाईने ट्रेलर पाडला, जोडताना गडबड केली.

"कुठला वार होता?"

"जाऊ दे ना आता."

"व्हर्ना, वार कुठला?"

"मंगळवार."

तो ट्रकच्या पायरीवर बसला. ओठ हलवत काहीतरी मोजत होता. "सहा," तो म्हणाला. "सहा फेरे जास्त दिले होते मी त्या दिवशी. चिखल फार होता. माझ्यापाठी वारा फिरला, शायेनपाशी मला बर्फ लागला, आणि मला तुझ्या ट्रेलरची आठवणसुद्धा झाली नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "तू क्रूसेला सांगितलंस हे?"

"काय सांगायचं? मी बघितलं नाही, हे मी सांगितलं. खरं तेच आहे."

"अर्धंच आहे," असं म्हणून तो ऑफिसातल्या फोनकडे निघाला. मी त्याची बाही धरली. म्हटलं, सहा आठवडे राहिलेत, तो फळा, एकतीस वर्षं, असं करू नका. लहान मुलासारखी त्याच्यामागे पळत बोलत होते. तो दारात थांबला.

"तुझी जागा गेलीये आणि मी पितळेवर नाव लावून घेऊ? रोज सकाळी दाढी करताना आरशात बघतो मी, तिथे कोण दिसेल मला?" आणि बर्लकडे वळून म्हणाला, "अरे, फोन कुठेय?"

फोनवर तो पाच मिनिटं बोलला असेल. क्रूसेसाहेबांनी दोघांच्याही नावावर अर्धी अर्धी चूक लिहिली. मला ताकीद देऊन तीन आठवड्यांनी रस्त्यावर परत घेतलं. एल्डनचं नाव फळ्यावर लागलं नाही. ती जागा पुढे दुसऱ्या कुणालातरी मिळाली, आणि मी ओमाहाला गेले तरी त्या भिंतीकडे बघत नसे. कंपनीने शेवटच्या आठवड्यात त्याला केक मात्र दिला. त्याने तो यार्डात आणून बर्लला खायला घातला.

परत रस्त्यावर आल्यापासून मी रोज वाकायला लागले, एल्डनच्याही ट्रेलरखाली. पहिले दोन दिवस फार जड गेलं. मग एका चिठ्ठीत त्याने विचारलं, "बघतेस ना?" आणि मी लिहिलं, "तुमचा जबडा ग्रीस मागतोय." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "जबडा तुझ्या ट्रकचा असतो, गाढवे." एवढी हसले मी त्या दिवशी.

त्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी चारला यार्डात शिरले तर एल्डनचा ट्रक तिथेच उभा. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासाठी चार तास थांबला होता. घरी पोचायला त्याला रात्र होणार होती. त्याने सोडलेल्या ट्रेलरपाशी तो खिशात हात घालून उभा होता, आणि मला खुणेने म्हणाला, घे मागे.

मी मागे घेतलं. खट् झाला, अगदी तसाच, लोण्यासारखा. झटका दिला. उतरले, विजेरी घेतली आणि त्याच्या बुटांशेजारी गुडघे टेकून ट्रेलरखाली शिरले. जबडा पिनेभोवती मिटलेला, ताटावर उजेडाची रेघसुद्धा नाही. त्याच्या हातचा हा शेवटचा, उद्यापासून कुणाचा कसा मिळेल कोण जाणे, हे तिथे खाली असतानाच माझ्या मनात आलं.

"काय गं, कसा आहे?" वरून आवाज आला.

"बरोबर आहे," मी कसंबसं म्हटलं.

"परत बघ."

मी परत बघितलं. मग उगाचच तिसऱ्यांदाही बघत राहिले, कारण रडायला तेवढाच आडोसा होता, आणि तो म्हातारा मुकाट्याने वर उभा राहिला.